पारोळ्यात मी भरलेला ठोका

सुभाष,

तू गेलास त्याला आज बावीस दिवस झाले. या दिवसांत तुझ्याबद्दल चांगलं बोलणारे इतके भेटले, की तू असतास तर आवाज कमी करायला सांगितला असतास. दहाव्याला धुळ्याचे, जळगावचे, भुसावळचे झाडून सगळे साउंडवाले आले होते. एरवी एकमेकांच्या गाडीपुढे गाडी घालणारी माणसं पांझरेच्या काठी एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसली होती. आणि जो तो पारोळ्याचं सांगत होता. "सुभाषभाऊंनी पारोळ्यात लंडनचं गाणं लावून वरात नाचवली, आहे कोणाची छाती?" सांगून झालं की माझ्याकडे बघायचे, कारण तिथे मी होतो. मी मान हलवायचो. पाच-सहा वेळा हलवली असेल. शेवटच्या वेळी हलवली तेव्हाच ठरवलं, आता पुरे.

मी ऑक्टोपॅडवाला. बोलायचं ते हातांनी बोलून टाकायचं, अशी तीस वर्षांची सवय. तोंडाने बोलायचं राहूनच गेलं. तू म्हणायचास, "विल्याचं म्यूटचं बटण दाबलं गेलंय आणि त्यावर कोणीतरी खुर्ची टाकून बसलंय." तर आज ती खुर्ची सरकवतो. तुझ्याबद्दल चांगलं सगळ्यांनी सांगितलं. मला एक वाईट सांगायचंय, आणि ते माझ्याबद्दलचं आहे.

आपल्या गाडीवर तू मिक्सरला आणि मी शेजारी पॅडला. दोन गाण्यांच्या मधली जागा मी वाजवून भरायची, पुढचं गाणं तू आणायचं. लोकांना वाटायचं आपण सख्खे भाऊ, कारण आपण सतत भांडायचो. भांडण तसं एकच होतं, पण वीस वर्षं पुरलं.

ते सुरू कसं झालं आठवतं? आग्रा रोडवरच्या त्या सायबर कॅफेतून एक दिवस तू सीडी घेऊन आलास. "ऐक. लंडनचं आहे. याला गॅरेज म्हणतात." मी म्हटलं, "टू-व्हीलरचं का फोर-व्हीलरचं?" तू हसला नाहीस. त्या विषयावर तू कधीच हसला नाहीस. हेडफोन माझ्या डोक्यावर चढवलेस आणि जावई पहिला घास घेताना सासूने बघावं तसा माझ्या तोंडाकडे बघत बसलास.

मी ऐकलं, आणि अर्ध्या मिनिटात मला हिशेब चुकल्यासारखं झालं. आपल्याकडच्या नाचाच्या गाण्यात चार मात्रांवर चार ठोके पडतात. धम, धम, धम, धम. पाय आपोआप चालतात, डोकं घरी ठेवून आलं तरी चालतं. या गाण्यात दुसरा आणि चौथा ठोका कोणीतरी उचलून नेलेला. वर बारीक झांजा लचकत चाललेल्या, खाली ऊबदार बेस, एका बाईचा आवाज कातरीने कापून इकडेतिकडे टाकलेला, आणि मध्ये ही मोकळी जागा. पाय उचलावा तर खाली जमीनच लागत नाही. मी हेडफोन काढून म्हटलं, "याचं काहीतरी वाजायचं राहिलंय." तू म्हणालास, "राहिलं नाही रे, राखलंय. तिथे आपण आपलं काय करायचं ते करायचं."

"लोक वरातीत नाचायला येतात, सुभ्या. विचार करायला नाही."

"तू लोकांना नंदीबैल समजतोस. गुबुगुबु वाजलं की मान हलवतील."

"आणि तू काय समजतोस?"

"माणसं."

यावर मी चहा मागवला. आपली बहुतेक भांडणं अशीच चहावर मिटायची, म्हणजे मिटायची नाहीत, पुढे ढकलली जायची.

दर लग्नसराईत तू वरातीत एखादं तरी गॅरेजचं गाणं घुसवायचासच. अमळनेरला घुसवलंस, चाळीसगावला घुसवलंस, आणि दर वेळी तेच व्हायचं. नाचणारे थांबायचे. टाळ्यांसाठी वर गेलेले हात वरच राहायचे. मग कोणीतरी काका गाडीपाशी येऊन विचारायचे, "काय व्हयनं रे भो? पेनड्राइव्ह खराब शे का?" तू नमस्कार करून नेहमीचं अहिराणी गाणं लावायचास, आणि माझ्याकडे न बघता म्हणायचास, "पुढच्या टायमाला."

आणि डिसेंबर आला की यादी. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून तू बसायचास. वर्षभरात तिकडे निघालेल्या गॅरेजच्या आणि नाचाच्या गाण्यांतली दहा गाणी, उरलेल्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर. नियम कडक: गाणं त्याच वर्षी बाहेर आलेलं हवं, आणि शेवटपर्यंत ऐकलेलं हवं. लिहायचास खालून वर, दहाव्या नंबरपासून पहिल्याकडे. इंग्रजी नाव लिहायचास, पण तोंडाने कधी घ्यायचा नाहीस. प्रत्येक गाण्याचं बारसं तू स्वतः करायचास. 'इस्त्रीवाला', कारण त्यातल्या झांजा वाफेसारख्या फुसफुसायच्या. 'ओला रेनकोट'. 'मोरीतली बाई', कारण गाणारीचा आवाज फरशीच्या मोरीतून आल्यासारखा घुमायचा. मग यादीचा फोटो साउंडवाल्यांच्या ग्रुपवर जायचा आणि खाली उत्तरं यायची, "भाऊ, यादीत साबुदाणा राहिला." तू चिडायचा नाहीस. पुढच्या वर्षी पुन्हा टाकायचास. मला वाटतं, अख्ख्या खान्देशात त्या यादीची वाट बघणारा मी एकटा होतो, आणि हेही मी तुला कधी सांगितलं नाही.

आता पारोळ्याचं.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. तू धुळ्याला दवाखान्यात, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, आणि सुपारी आधीच घेतलेली म्हणून वरातीला मी एकटा. मिक्सरही माझ्याकडे आणि पॅडही. दुपारचे चार वाजलेले, किल्ल्याच्या बाजूने वरात बाजारपेठेकडे निघालेली, ऊन असं की गाडीच्या पत्र्याला हात लागत नव्हता. तुझा फोन आला.

"गर्दी कशीय?"

"जोरात."

"मग लाव."

"काय लावू?"

"तुला माहितीय काय. मोरीतली बाई. आणि फोन चालू ठेव, मला ऐकायचंय. उद्या आत घेतायत, विल्या. परवाचं कोणी बघितलंय."

असलं बोलणं तुझ्या तोंडात कधी नसायचं. मी लावलं.

दहा सेकंदांत बठ्ठं, म्हणजे सगळं, थंड. फेटेवाले थांबले, करवल्या थांबल्या. नवरदेवाचा मामा तावातावाने आला, "ओ डीजे! आडकनं का काय तुनं मशीन?" त्याच्या मागून एक बाई म्हणाली, "गानं लंगडं शे हाई." मी फोन कानाला लावला. तू ओरडला असतास, शिव्या दिल्या असत्यास, तर मी नेहमीप्रमाणे गाणं बदललं असतं आणि विषय संपला असता. पण तू अगदी हळू म्हणालास, "थांबले ना?"

मी उजव्या हातात काठी घेतली. पॅडवरचा सगळ्यात जाड ठोका काढला, आणि ज्या दोन जागा तू वीस वर्षं राखल्या होत्यास त्या भरायला लागलो. दुसरा, चौथा. दुसरा, चौथा. आठ मात्रा झाल्या नाहीत तोच मामाच्या खांद्याला झटका बसला. मग करवल्या, मग फेटे, मग सगळी गल्ली. मोरीतली बाई तिच्या त्या तुटक आवाजात गात होती आणि पारोळा तिच्यावर नाचत होता, कारण पायाखाली मी जमीन घातली होती. तेव्हा मी डाव्या हाताने फोन वर धरला.

फोनमधून लो, म्हणजे खालचा जाड आवाज, जात नाही. हे तुला माहीत होतं, मलाही माहीत होतं. आपल्या धंद्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तुला ऐकू गेला तो बाईचा आवाज, झांजा, शिट्ट्या आणि लोकांचा जल्लोष. माझा ठोका तुझ्यापर्यंत पोचणार नाही हे जाणून मी फोन वर धरला. भावनेच्या भरात घडलं, असं मी म्हणणार नाही. ठोका भावनेच्या भरात दिला असेल. फोन डोकं शाबूत ठेवून धरला.

"विल्या! नाचतायत का रे?"

"ऐक ना," मी म्हटलं.

एवढंच म्हटलं. पुढची तीन वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की मी खोटं बोललो नाही, नुसता फोन धरला. कमी बोलणाऱ्या माणसाचं हे एक बरं असतं. त्याला खोटं बोलावंच लागत नाही.

तू ऑपरेशनमधून उठलास. वहिनी म्हणाल्या, शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य पारोळ्याचं होतं. तेव्हा मला वाटलं, चला, चांगलंच केलं. आजही मी त्या एका दिवसापुरतं तेच म्हणेन. चूक त्या दुपारची नव्हती. चूक त्यानंतरच्या प्रत्येक दुपारची होती.

त्या डिसेंबरच्या यादीत पहिला नंबर 'मोरीतली बाई', आणि पुढे तुझ्या गिचमिड अक्षरात: पारोळा, दुपारी चार. नाचले. साक्षीदार: विलास. ग्रुपवर त्या वर्षी साबुदाण्याचा विनोद झाला नाही. फोन आले तुला, लोक दुकानात येऊन ऐकून गेले. भुसावळच्या एकाने तर रेल्वेतून निवृत्त होणाऱ्या गार्डसाहेबांच्या मिरवणुकीत तेच गाणं लावलं, आणि हार घातलेले साहेब मधोमध थांबून म्हणाले, "सिग्नल मिळत नाही का रे?" तो आपल्याकडे रडत आला. तू त्याला समजावलंस, "तुझी गर्दी वेगळी असेल. पारोळ्याला झालंय, विल्याला विचार." आणि त्याने मला विचारलं. आणि मी मान हलवली.

मग तू स्वतःचं गाणं केलंस. पावसाळ्याचे चार महिने हाताला काम नव्हतं, तू लॅपटॉपसमोर बसून होतास. तुझ्या फुईचा, म्हणजे तुझ्या आत्याचा, हळदीच्या गाण्याचा आवाज तू मोबाइलवर घेऊन आला होतास. ऐंशीच्या घरातल्या बाईचा कडक, उन्हात वाळवलेला आवाज. तो तू कापलास, झांजांवर अंथरलास, खाली ऊबदार बेस टाकलास, आणि दुसरा-चौथा ठोका काढून घेतलास. मला ऐकवलंस. ते काय होतं हे मी तेव्हा सांगायला हवं होतं. मी सांगितलं ते वेगळंच.

"सरळ ठोका टाक, सुभ्या. घरच्यांसमोर वाजवायचंय, तुझ्या भाचीचं लग्न आहे. उगाच शोभा होईल."

"का होईल? पारोळ्यात नाचले ना?"

मी काठीची साल काढत बसलो.

"नाचले ना, विल्या? तूच होतास की."

"होतो."

"मग?"

बोलायची जागा ती होती. त्याहून मोठी जागा तू मला दुसऱ्यांदा देणार नव्हतास. मी म्हटलं, "तुझी मर्जी," आणि चहा मागवला.

भडगावचं मी फार लिहिणार नाही, तुला पाठ आहे. तुझे सगळे नातेवाईक, दुपारचा मांडव, तू इस्त्रीचा शर्ट घालून मिक्सरला. मला म्हणालास, "तू आज पॅडला हात लावू नको, बघत राहा." मी बघत राहिलो. फुईचा आवाज सुरू झाला तेव्हा बायकांनी कौतुकाने माना वळवल्या, दोन मिनिटं वाट बघितली आणि पुन्हा गप्पांना लागल्या. भाचीने तुझ्या समाधानासाठी चार पावलं टाकली, पाचवं कुठे टाकायचं ते तिला कळेना. बँडवाले एकमेकांना कोपरं मारून हसत होते. आणि फुई स्वतः काठी टेकत गाडीपाशी आली, "काय रे भाऊ, मना आवाज थांबी थांबी का येस? मी इतली म्हातारी व्हयनू का?" सगळा मांडव हसला. तूही हसलास. मग तू गाणं संपायच्या आधीच आवाज उतरवलास आणि दुसरं लावलंस. तुझंच गाणं तू शेवटपर्यंत वाजू दिलं नाहीस.

आता जे लिहितो ते लिहायला मला बावीस दिवस लागले. तो आवाज उतरत होता तेव्हा मला आतून बरं वाटलं. वीस वर्षांचं भांडण मी जिंकलो होतो. लोक विचार करायला येत नाहीत, हे तुझ्याच घरच्यांनी तुला सांगितलं होतं. ते बरं वाटणं घोटभर चहा प्यावा एवढंच टिकलं असेल. पण वाटलं.

परतताना पारोळ्यावरूनच यायचं होतं. स्टँडजवळ चहाला थांबलो. तू किल्ल्याकडच्या रस्त्याकडे बघत होतास. म्हणालास, "इथे त्यांच्या गाण्यावर नाचले. माझ्यावर माझी माणसं नाचली नाहीत. म्हणजे ठोक्याचा दोष नाही, विल्या. माझंच गाणं कच्चं आहे." तुझा आवाज अगदी साधा होता. मेकॅनिकने इंजिन उघडून बघावं आणि सांगावं, तसा. पारोळ्याचा दाखला समोर ठेवल्यावर दुसरा निष्कर्ष निघतही नव्हता. आणि तो दाखला मी दिलेला होता. मी चहातली साखर विरघळत नसल्यासारखा चमचा फिरवत राहिलो. भडगावच्या नंतर तू दुसरं गाणं केलं नाहीस. विचारलं तर म्हणायचास, "आपण ऐकणारे बरे."

तुझ्याकडून मी काय घेतलं, तेही लिहायला हवं, नाहीतर हा कागद एकतर्फी होईल. माझा हात मोडला होता त्या सराईत तुला तिघांनी सुचवलं, दुसरा पॅडवाला घे. तू घेतला नाहीस. अख्खी सराई दोन गाण्यांच्या मधल्या जागा तू मोकळ्या सोडून वाजवलंस. लोक विचारायचे, "मधेच बंद का पडतं?" तू सांगायचास, "तिथं विल्या आहे, येतोय तो." तुझ्या जागा मी भरल्या, माझ्या तू राखल्यास. हे दोन्ही एकाच गाडीवर घडलं, हे मला अजून नीट पचत नाही.

चौदाव्या दिवशी वहिनींनी बोलावलं. टेबलावर एक लग्नपत्रिका पालथी ठेवलेली. या वर्षीची यादी. दहापासून चारपर्यंत भरलेली, वरच्या तीन ओळी कोऱ्या.

"भाऊजी, ही पुरी करा आणि ग्रुपवर टाका. त्यांचा डिसेंबर चुकायला नको."

मी म्हटलं, आधी एक सांगायचंय. आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, पारोळा, फोन, भडगाव, चहा. वहिनी पोळ्या लाटत होत्या. त्यांनी लाटणं थांबवलं नाही.

"म्हणजे भडगावनंतर ते महिनाभर गप्प होते, ते यामुळे?"

"हो."

"मला वाटलं, माझं काही चुकलं. मी दोन वेळा विचारलंही त्यांना." तव्यावरची पोळी त्यांनी उलटली. "मला सांगून काय उपयोग? मला तुम्ही साक्ष दिली नव्हती. ज्यांना दिली त्यांना सांगा."

"लोक काय म्हणतील?"

"तुम्हाला म्हणतील. ऐकून घ्या." मग पोळी डब्यात टाकून, "आणि बसा. भाजीत मीठ कमी आहे, पण जेवून जा."

मी जेवलो. मीठ खरंच कमी होतं. त्या घरात एवढं खरं मी प्रथमच जेवत होतो.

त्यानंतरचे आठ दिवस मी तुझी यादी ऐकली. नुसती ऐकली, गुडघ्यावर बोटं न वाजवता. पॅडवाल्याला हे किती कठीण असतं ते तुला सांगायला नको. दहावा नंबर तू 'कुलूप' ठेवलास, त्यात बेस किल्ली फिरल्यासारखा वळतो. माझ्या मते सहावा हवा होता. आठवा 'मावशीचा फोन': बाई तेच वाक्य चौदा वेळा म्हणते आणि चौदाव्यांदा कुठे ते खरं वाटतं. पाचवा 'बर्फाचा गोळा' तू फार वर चढवलास, त्यात चकाकी आहे, जीव नाही. ते करणारा मँचेस्टरचा पोरगा पुढच्या वर्षी चांगलं करेल, या वर्षी नाही. चौथा मात्र बिनचूक. 'जिना' हे नाव तू दिलंस आणि त्याला दुसरं नाव असूच शकत नाही. अंधारात एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, पोटात जो खड्डा पडतो तो ते गाणं करणाऱ्या माणसाने साडेतीन मिनिटं न सांडता धरून ठेवलाय. तिसऱ्यांदा ऐकताना मला कळलं की त्या खड्ड्यात मी काहीच करत नव्हतो, आणि तरी मी बुडत नव्हतो. वीस वर्षांनी कळलं. उशीर झाला, पण कळलं ते पक्कं.

तेव्हा आता मी ठामपणे लिहितो, ग्रुपवरच्या सगळ्यांसाठी.

तीन वर्षांपूर्वीच्या यादीतला पहिल्या नंबरपुढचा शेरा खोडावा. पारोळ्यात गॅरेजवर कोणी नाचलं नाही. पारोळा माझ्या ठोक्यावर नाचला. गाणं चांगलं आहे, ते पहिल्या नंबरावर राहू द्या. साक्षीदार खोटा होता. भुसावळच्या माझ्या मित्रा, तुझ्या गार्डसाहेबांना सिग्नल मिळाला नाही यात तुझी गर्दी वेगळी नव्हती. कोणाची गर्दी वेगळी नव्हती. सुभाषला नावं ठेवू नका, मला ठेवा. फोन केलात तर उचलेन.

आणि तुला, सुभ्या. पारोळ्यात नाचले नाहीत आणि भडगावलाही नाचले नाहीत. म्हणजे तुझं गाणं आणि वर्षातलं तुला सगळ्यात आवडलेलं गाणं एकाच पंगतीला बसलं होतं. पारोळ्याच्या चहाच्या टपरीवर तू काढलेला निष्कर्ष चुकीचा होता, कारण त्याला मी पुरवलेलं माप खोटं होतं. मी तीस वर्षं ठोका धरतोय. मला एवढं एकच काम येतं, आणि त्या कामाच्या जोरावर सांगतो: गाणं कच्चं नव्हतं.

तिसरा आणि दुसरा नंबर मी माझ्या पसंतीने भरलेत, तू असतास तर दोन्हींवर भांडला असतास. बारसंही मीच केलं: 'तापलेला पत्रा' आणि 'उलटी शिवण'. पहिल्या नंबरावर तुझं गाणं आहे. त्याच वर्षी बाहेर आलेलं हवं, हा तुझा नियम मी मोडलेला नाही. ते भडगावच्या मांडवात पावणेतीन मिनिटं वाजलं आणि तूच ते बंद केलंस. बाहेर ते आज येतंय, या यादीबरोबर, वहिनींच्या परवानगीने. फुईला फोन करून विचारलं. म्हणाली, "बठ्ठासले ऐकाड. पन मनं नाव टाकजो." टाकलंय.

शेवटपर्यंत ऐकलेलं हवं, हा दुसरा नियम. काल दुपारी दुकानात बसून ऐकलं, पूर्ण, आणि पुन्हा पूर्ण. मध्यावर सगळं थांबतं आणि फुईचा आवाज एकटा येतो, तो तू दोन मात्रा लवकर आणलायस. अजून जरा थांबला असतास तर मांडवातल्या बायका बोलायच्या थांबल्या असत्या. फाइल माझ्यासमोर उघडी होती, दोन मात्रा सरकवायला एक बोट लागलं असतं. मी हात लावला नाही. गाणं तुझं आहे, जसं केलंस तसंच जाईल. पण तिथे तू चुकलायस, सुभ्या, आणि हे आता मी सगळ्यांसमोर म्हणतोय.